काखेतली हेझ

“हेझी. रिजेक्ट!” माल तपासायला मुंबईहून आलेल्या इन्स्पेक्टरसाहेबांनी छोट्या बाटलीला सील लावून वर सही ठोकली.

रोह्याच्या आमच्या केमिकल कंपनीत सूतगिरण्यांना लागणारं तेल बनायचं. ते काचेसारखं स्वच्छ लागतं. त्यात धुरकट झाक दिसली की आम्ही तिला ‘हेझ’ म्हणतो. त्या बाटलीत तर पेणची जानेवारीतली पहाट भरलेली!

“बॅच म्हात्रेची ना? त्याला कायम करायचं विसरा,” मॅनेजर गरजले.

गडब गावचा म्हात्रे, आमचा ऑपरेटर, मॅनेजरच्या केबिनच्या दारातच उभा होता. “पान्यासारकी व्हती सायेब! माज्या डोल्यांनी बगितलीय.”

मी लॅबचा केमिस्ट. मला कारण दिसत होतं. पाहुण्यांना दाखवायचा नमुना मानाचा, म्हणून मॅनेजर तो आदल्या संध्याकाळीच याच केबिनमध्ये मांडून ठेवायचे. कंपनीतला एकुलता एक एसी इथे, आणि तो कायम फुल. थंडीत खोबरेल थिजतं, तसं हे तेल गारठ्यात धुरकटतं.

मी तसं सांगितलं. इन्स्पेक्टर हसले. “तापमानाची सबब प्रत्येक कंपनी सांगते.”

“बरं साहेब.” मी बाटली उचलली आणि स्वेटरच्या आत, थेट काखेत दाबली. “पण हेझ हा शब्द आला कुठून?”

“कुठून?”

“डिक्शनरीवाल्यांनाही नक्की ठाऊक नाही! अर्थ धूसर, मूळही धूसर. समुद्रावर पलीकडचं दिसेना की खलाशी हेझी म्हणायचे. पुढे आठवण पुसट झाली तरी हेझी, जास्त ढोसली तरी हेझी. आणि जहाजावरच्या नवख्याला उगाच राबवून छळायचं, त्यालाही हेझ करणं म्हणत. तो शब्द हाच की निराळा, यावर पंडितांचं एकमत नाही. आमच्या म्हात्रेचा सध्या तसाच छळ चाललाय.”

“अहो, कीर्तन कसलं लावलंय?” मॅनेजर वैतागले.

“पूर्वरंग संपला साहेब. आता उत्तररंग.” मी बाटली काढून उजेडात धरली. तेल लख्ख!

“बाटली बदललीत!” इन्स्पेक्टर ओरडले.

“सील तुमचं, सही तुमची.”

त्यांनी बाटली उलटीपालटी केली. मग गोडाऊनमध्ये जाऊन त्या बॅचचे ड्रम उघडायला लावले. सगळे स्वच्छ. बॅच पास.

बाहेर आल्यावर म्हात्रे कानाशी लागला. “सायेब, तेलाला वास नाय ना लागला काखंचा?”

त्याच महिन्यात तो कायम झाला. मी मात्र एक धडा शिकलो. शब्दाची व्युत्पत्ती सांगायला लागलं, की तुमच्या काखेकडे कुणी बघत नाही.