विमानतळावर गाडी कुठे लावायची, आणि व्याह्यांच्या दारात का नाही

विमानाची तिकिटं आमच्या लेकाने, सचिनने, बंगळूरहून काढून फोनवर पाठवली आणि घरात पहिला प्रश्न निघाला तो गाडीचा. निलंग्याहून नांदेडच्या विमानतळापर्यंत आपलीच गाडी न्यायची, हे पक्कं होतं. एसटीने जायचं तर मध्ये उतरा, चढा, त्यात हातात सामान आणि आमच्या हिचे गुडघे. पण आठ दिवस गाडी ठेवायची कुठे?

खरं तर प्रश्न निघायच्या आधीच सुटलेला होता. आमचे व्याही, म्हणजे सून मेघा हिचे वडील, नांदेडातच राहतात. शाळेतून निवृत्त झालेले, त्यामुळे सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. विमानतळ त्यांच्या घरापासून इतका जवळ, की गॅसवर चहा ठेवून पाहुण्याला सोडून यावं आणि चहा उतू जाऊ नये. त्यांचा फोन आलाच.

"तात्या, गाडी आपल्या दारात लावा. तिथून मी सोडतो तुम्हाला. मी न्हाई सोडणार तर कोण सोडणार?"

हे शेवटचं वाक्य मला लागलं. का लागलं ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

आमची पोरं सुट्टीला येतात ती विमानाने नांदेडला उतरतात. उतरली की गुरुजी गाडी घेऊन दारात उभे. मग चार-पाच दिवस तिथेच मुक्काम. आमच्याकडे येईपर्यंत सुट्टीचं शेपूट तेवढं हाती लागतं. नात ओवी पाच वर्षांची आहे. ती आमच्या अंगणात पाय ठेवते तीच आबांचं, म्हणजे गुरुजींचं, नाव घेत. आबांनी पेरू कापून दिला, आबांनी विमान उडताना दाखवलं, आबांची गाडी अशी, आबांची गाडी तशी. मी आपला हसत "हो का, हो का" करतो आणि आत जाऊन पाणी पितो. लातूरलाही विमानतळ आहे. पण पोरांचं विमान तिथे उतरत नाही, याचाही राग मी मनातल्या मनात गुरुजींवरच काढत आलोय.

तेव्हा मी फोनवर सांगितलं, "गुरुजी, तुम्हाला कशाला तसदी? आम्ही विमानतळावरच पार्किंग करणार."

ही स्वयंपाकघरातून ओरडली, "घरचं अंगण सोडून भाड्याच्या उन्हात गाडी ठेवणारे तुम्हीच!"

आता ज्यांना असं जायचंय त्यांच्यासाठी थोडं कामाचं. छोट्या विमानतळावर दारात दोन मिनिटं उभं राहून माणूस उतरवणं वेगळं आणि गाडी मुक्कामी ठेवणं वेगळं. मुक्कामी ठेवता येते का, भाडं दिवसावर आहे की तासावर, सावली आहे का, हे आधीच फोन करून विचारा. दर बदलत राहतात, म्हणून मी इथे आकडा लिहीत नाही. पावती गाडीत ठेवू नका, खिशात ठेवा. आणि गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर बॅटरीची वायर सोडून ठेवा. माझा जन्म निलंग्यात पाण्याच्या मोटारींचं वायंडिंग भरण्यात गेला, त्यामुळे पान्याशिवाय मला करमत नाही. पण हा सल्ला खरा आहे.

निघायच्या सकाळी शेतातल्या देवणी गाईच्या तुपाची बरणी मी स्वतः बांधली. आधी झाकण, त्यावर प्लास्टिक, त्यावर फडकं, त्यावर सुतळी. ओवीला आमच्या घरचं म्हणून ज्याची आठवण यावी अशी माझ्याकडे ही एकच वस्तू. पेरू काय, कुठेही मिळतात.

निलंग्याहून शिरूर अनंतपाळ, नळेगाव असं वर चढत आम्ही चाकूरला मोठ्या रस्त्याला लागलो. लातूरकडून येणारेही याच रस्त्याने येतात. रस्ता आता बरा आहे, मधूनमधून काम चालू असतं तेवढं. सोयाबीन निघून गेलेली रानं, कुठे तुरी पिवळ्या फुललेल्या. अहमदपूरच्या पुढे एका हॉटेलात चहा आणि गरम भजी घेतली. भजी उत्तम, चहा फार गोड. गल्ल्यावरच्या बाबाने बॅगा बघून विचारलं, "विमानाला चालले का?"

"हाव. नांदेडहून."

"मंग गाडी?"

"तिथंच लावणार. पार्किंगला."

"नांदेडात कुणीच न्हाई का तुमचं?"

माझ्या आधी हिने तोंड उघडलं, "हाय की! लई जवळचं हाय. ह्यांना तेवढं दिसत न्हाई."

तिथून लोहा येईपर्यंत मी गाडीत रेडिओ लावून ठेवला.

विमानतळावर गाडी लावली, बॉनेट उघडलं, बॅटरीची वायर सोडली, पाना गाडीतच ठेवला. मागच्या चाकाला दगड लावावा म्हणून दगड शोधत होतो, तर पार्किंगवाला पोरगा आला. "काका, गाडी ठेवायलात का मोडीत काढायलात?"

"आठ दिवसांनी येतो. नीट बघ."

"ते बघा, तिकडं एक गुरुजी आलेत, सकाळपासून तीनदा विचारून गेले निलंग्याची गाडी आली का म्हणून."

वळून बघतो तर लिंबाखाली आमचे व्याही. इस्त्रीचा पांढरा शर्ट, एका हातात डबा, दुसऱ्या हातात पेरूंची पिशवी. ज्या दारात गाडी लावायची नाही म्हणून मी एवढा आटापिटा केला, त्या दाराचा मालकच चालत आला होता.

"दशम्या आहेत, शेंगदाण्याची चटणी आहे," ते म्हणाले. "आणि हे पेरू ओवीला. आबांनी दिले म्हणून सांगा."

सांगतो तर! मी पिशवी घेतली आणि मनात म्हटलं, जागा झाली तर नेतो.

निघताना त्यांनी मला जरा बाजूला घेतलं. "तात्या, एक काम करा. मेघाच्या घरात सकाळचं ऊन कोणत्या खोलीत येतं, तेवढं बघून या."

मला हसूच आलं. हा काय निरोप! आत येताना हिला सांगितलं, तर ही हसली नाही.

आत गेल्यावर माझी फजिती झाली. मोठी बॅग आधीच विमानात रवाना केली होती आणि तुपाची बरणी मी हातातल्या पिशवीत ठेवली होती, सांडू नये म्हणून. तपासणीला जवानाने सुतळी बघितली, फडकं बघितलं, मला बघितलं. एवढा पातळ पदार्थ हातातल्या सामानात नेता येत नाही. नियमच आहे तो, त्याचा काही दोष नाही. तुम्ही तूप, लोणचं, काकवी असं काही नेणार असाल तर आधी विमान कंपनीला विचारा आणि मोठ्या बॅगेचं बघा. माझ्यासारखं मांडीवर घेऊन बसायचे मनसुबे करू नका.

"टाकून द्या म्हणता?" मी म्हणालो.

"बाहेर कुणी असेल तर देऊन या," तो म्हणाला. भला माणूस.

बाहेर कोण असणार? काचेपलीकडे गुरुजी तसेच उभे. विमान उडाल्याशिवाय ते कधी जातच नाहीत, हे मेघाने पुष्कळदा सांगितलं होतं आणि मला ते नेहमी मिरवणं वाटायचं. मी बरणी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली. पेरूंना मात्र कुणी अडवलं नाही. ते टुणटुणीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून बंगळूरला आले.

बंगळूरचं फार लिहीत नाही, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. विमानतळ गावापासून लांब आहे, टॅक्सीपेक्षा विमानतळाची बस आम्हाला बरी वाटली, आणि हवा अशी की आमच्या हिने दुपारीसुद्धा शाल पांघरली. इडली मऊ, सांबार गोड. आपल्या जिभेला दोन दिवस लागतात.

ओवीने पिशवीत हात घातला, पेरू काढला आणि विचारलं, "आबा कुठंयत?"

मी समोर बसलोय! आठ तास प्रवास करून आलोय! "आबा नांदेडला," मी म्हणालो. "तात्या आलेत ना."

दुसऱ्या दिवशी तिने विमानतळाचा खेळ मांडला. दिवाणखान्यात खुर्च्या रांगेत लावल्या, ते विमान. एक खुर्ची दाराबाहेर, पार जिन्यापाशी ठेवली. मी त्या खुर्चीवर बसायला गेलो तर तिने माझा हात धरून आत ओढलं.

"तिथं नको तात्या. ती आबांची गाडी. तू आत ये. आबा आत नाही येत, आबा बाहेरच थांबतात."

मी मेघाकडे पाहिलं. ती भाकरी थापत होती.

"बाबा इथं कधी आलेच नाहीत ना, तात्या," ती म्हणाली. "लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, असं आईचं आहे. ओवी झाल्यावर तरी चालेल म्हटलं, तर आई म्हणते, तुमच्याकडून रीतसर बोलावणं नाही. व्याह्यांनी बोलावल्याशिवाय कसं जायचं. म्हणून मग विमानतळापर्यंत येतात."

मला आणि हिला बोलावणं कुणी पाठवलं होतं? लेकाचं घर, आम्ही वाटेल तेव्हा येतो, बाहेरच्या चपला आत टाकतो, चहात साखर कमी म्हणतो. पाच वर्षं मी ज्या माणसाच्या चार दिवसांवर जळत होतो, तो माणूस माझ्या आठ दिवसांकडे काचेपलीकडून बघत होता.

उरलेले दिवस मी सकाळी उठून खोल्या फिरलो. ऊन ओवीच्या खोलीत येतं, पलंगाच्या पायथ्याशी, आणि ती त्यात पाय ठेवून जागी होते.

परत नांदेडला उतरलो तर गुरुजी हजर. या वेळी मला त्याचा राग आला नाही. म्हणजे आला, पण थोडा. गाडीपाशी गेलो तर काच स्वच्छ, बाकी अंगावर धूळ.

"संध्याकाळी फिरायला येतच होतो, मंग पुसत राहिलो," ते म्हणाले. "काय हो, ऊन?"

"ओवीच्या खोलीत," मी म्हणालो. "पलंगाच्या पायथ्याशी येतं. त्यात पाय ठेवून उठते ती."

गुरुजी खिशातून रुमाल काढून पुसलेली काच पुन्हा पुसू लागले.

जेवायला त्यांच्याकडे थांबलो. गाडी त्यांच्या दारात लावली. सावली चांगली आहे, हे कबूल. जेवण झाल्यावर मी हिला खूण केली. हिने विहीणबाईंना हळद-कुंकू लावलं, ओटी भरली, आणि मी उभा राहून म्हणालो, "गुरुजी, विहीणबाई, आमच्या बंगळूरच्या घरी तुम्ही दोघांनी यायचं. पंधरा दिवस राहायचं. माझं बोलावणं आहे."

विहीणबाईंनी पदर सावरला. "तात्या, लेकीच्या घरी..."

"लेकीच्या न्हाई. लेकाच्या म्हणजे माझ्या. व्याह्याच्या घरी जेवायला तुमची ना आहे का? मी आत्ता तुमच्याकडे दोनदा भात घेतला."

विहीणबाईंनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी ताटावर बोट फिरवत बसले होते. "तसं असेल तर," त्या म्हणाल्या, "मंग रीतीला धरून आहे."

पंधरा म्हणालो आणि मी मनात लगेच दिवस मोजले. दहा म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण तोंडातून गेलं ते गेलं.

पुढच्या महिन्यात त्यांना सोडायला मी मुद्दाम निलंग्याहून नांदेडला गेलो. ही म्हणाली, "त्यांच्या दारातून रिक्षा मिळते." मी म्हटलं, "मी न्हाई सोडणार तर कोण सोडणार?" तुपाची तीच बरणी या वेळी विचारून-सवरून त्यांच्या मोठ्या बॅगेत घातली, कपड्यांच्या मधोमध. बरणी गुरुजींनी महिनाभर देवघरात ठेवली होती, सुतळीची गाठसुद्धा सोडली नव्हती. माणसं सोडायला आलेल्याला मुक्कामी पार्किंग लागत नाही. दारात उतरवलं, गाडी जरा पुढे घेतली आणि त्याच लिंबाखाली विमान दिसेनासं होईपर्यंत थांबलो. एकट्याला तिथे फार वेळ वाटतो. गुरुजींनी कधी सांगितलं नव्हतं.

रात्री घरी येऊन हातपाय धुतो तोवर फोन. पडद्यावर ओवी, गुरुजींच्या मांडीवर. ताटात भाकरी, भाकरीवर तूप.

"तात्या, आबा आत आले!"

"हो का, हो का," मी म्हणालो. "तूप कसंय?"

"आबांनी आणलं! खूप छान आहे!"

गुरुजी घाईघाईने काही सांगायला लागले, अगं, हे तात्यांच्या गाईचं... पण ती ऐकते कुठे. ही माझ्याकडे बघून हसायला लागली. मी आत जाऊन पाणी प्यायलो. मग परत येऊन फोनसमोर बसलो, ती जेवेपर्यंत.