सांडणीस्वाराची सोयरीक

माझा स्वभाव पहिल्यापासून मुकादमाचा. चार जणी जमल्या की कुणी काय करायचं ते मीच सांगणार. पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी लागलेल्या मामेभावानं एक खेळ शिकवला, तेव्हा मला रानच मोकळं मिळालं. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकीनं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं आणि अडलं की फासा टाकायचा. ज्याचं माणूस त्यानंच बोलायचं, हा एवढाच कडक नियम. गोष्ट सांगणारी अर्थातच मी.

अंबाजोगाईच्या आमच्या होस्टेलात तेव्हा नवीनच केबल आली होती. रविवारी दुपारी सगळ्या पोरी टीव्हीपुढं, आणि आम्ही चौघी माझ्या खोलीत लुडोचा फासा घेऊन. माझी चौसाळ्याकडची मैत्रीण सांडणीस्वार झाली होती, उंटावरून एकटी रानोमाळ निरोप नेणारी. एरवी मेसमध्ये पोळी मागायला लाजणारी ही बया खेळात राजालाच सुनवायची, "न्हाई जमायचं महाराज, उंट दमलाय!" आम्ही लई हसायचो. खरं सांगते, मला हेवाही वाटायचा. गोष्ट माझी आणि भाव खाऊन जायची ही.

एका शनिवारी तिला घरून बोलावणं आलं. बघायला पाहुणे येणार होते. निघताना म्हणाली, "माझ्याबिगर खेळू नका गं." म्हटलं, "बरं बाई, जा. पोहे नीट दे."

रविवारी दुपार झाली आणि माझे हात शिवशिवायला लागले. खेळलो. शेजारचा राजा लढाईवर आला होता, गोष्ट काही पुढं सरकेना. मला एकदम सुचलं, त्याच्या पोराला सांडणीस्वार बायको म्हणून देऊन टाकू. तहही होतो आणि शेवटही गोड. एक जण म्हणाली, "तिला विचारायला नको?"

"त्यात काय विचारायचंय? राजाचं घर हाय!" मी म्हटलं, आणि तिच्या वतीनं मीच हो म्हणाले. फासासुद्धा टाकला नाही.

सोमवारी ती एसटीनं आली. पिशवी खाली ठेवायच्या आत आम्ही तिच्या गळ्यात पडलो. "लगीन ठरलं तुझं! घे उखाणा!"

तिचा चेहरा पांढरा पडला. "तुमाला कुणी सांगितलं?"

मी हसत हसत राजाचं, तहाचं सगळं सांगितलं. ती कॉटवर बसली. पाहुण्यांनी खरंच पसंत केलं होतं. बाहेर बैठकीत वडील हो म्हणाले आणि आत तिच्या हातावर कुणीतरी पेढा ठेवला.

"एसटीत एकच मनात होतं," ती म्हणाली. "जाऊ दे, आपला उंट तर हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अजून चीड येते, तिच्या घरच्यांची नाही, माझीच. आणि माझी घाई बघा, तेव्हाही गेली नाही. "अगं, मोडलं ते लग्न! आत्ता मोडलं, बघ!"

"मोड की," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी ती खेळायला बसली. तिनं भांडावं म्हणून मी मुद्दाम राजाच्या तोंडून वेडावाकडा हुकूम सोडला, भर उन्हात, बिनपाण्याचं, आत्ताच्या आत्ता निघ. आम्ही तिघी तिच्या तोंडाकडं बघत राहिलो.

"तुमी म्हणाल तसं, महाराज."