वनवेची तिसरी पावती

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे मी नाशिकला वाहतूक पोलिसांत शिपाई होते. नोकरीला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. माझं अक्षर चांगलं, म्हणून फौजदार साहेब पावतीपुस्तक माझ्याच हातात देत. गाडी हवालदारांनी अडवायची, पावती मी लिहायची आणि सही साहेबांनी करायची, अशी आमची वाटणी होती.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी आम्ही रविवार कारंज्याजवळच्या एका गल्लीच्या तोंडाशी उभे होतो. गल्लीला वनवेचा नवा कोरा बोर्ड लागला होता. तासाभरात तिघे जण उलट्या दिशेने आले. पहिला दुकानदार, दुसरे कॉलेजातले प्राध्यापक आणि तिसरा मोपेडवरचा पन्नाशीतला शेतकरी. मागे भाजीचं रिकामं क्रेट बांधलेलं.

"बाई, मागल्या गुरवारी इथूनच गेलो. तवा बोर्ड नव्हता," तो म्हणाला.

"आता आहे ना, काका."

त्याने वाद घातला नाही. पैसे काढून दिले. मी नाव विचारलं तेव्हा मात्र तो जवळ सरकला आणि वाकून पुस्तकात बघायला लागला.

"मधी बापाचं नाव लिवा. लायसनवर आज्याचं पडलंय, ते नका घेऊ."

मी तो सांगेल तसं लिहिलं. त्याने पावती हातात घेऊन अक्षर न् अक्षर वाचली, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळली आणि खिशात ठेवली. दंड भरून इतक्या समाधानाने गेलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

संध्याकाळी पुस्तक जमा करायला गेले. ऑफिसात पावत्यांचं काम बघणारे हवालदार निवृत्तीला आलेले होते. पुस्तकात राहिलेल्या स्थळप्रती चाळता चाळता ते थांबले आणि भिंतीवरच्या फायलीतून एक कागद काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला.

"बाई, ही ऑर्डर वाचली होती का?"

गल्लीतली एकेरी वाहतूक येत्या सोमवारपासून लागू होणार होती. बोर्ड लावणाऱ्याने तो चार दिवस आधीच ठोकून टाकला होता. बोर्ड बघून आम्ही उभे राहिलो आणि ऑर्डर कुणीच वाचली नाही.

"आता काय करायचं?"

"रद्द करायच्या. पैसे अजून सरकारात भरलेले नाहीत, तेवढं बरं आहे. पण मूळ प्रत परत आल्याशिवाय पावती रद्द होत नाही. तिन्ही आणा."

साहेबांनी स्वतःची चूक मान्य केली आणि शनिवारपर्यंत मुदत दिली. दुकानदार आणि प्राध्यापक त्याच संध्याकाळी फोन करताच आले आणि पावत्या देऊन पैसे घेऊन गेले. राहिला तिसरा. त्याचा पत्ता निफाड तालुक्यातल्या गावचा. फोन नव्हता. शुक्रवारी माझी सुट्टी होती. मी म्हटलं, मीच जाते.

"युनिफॉर्मवर जा," ऑफिसातले हवालदार म्हणाले. "सरकारी काम आहे."

ते ऐकलं आणि गावात शिरल्या शिरल्या पस्तावले. खाकीतली बाई बघून पारावरचे लोक माना वळवून बघायला लागले. त्याच्या घराचा रस्ता विचारला तर दोघे जण मला पोचवायला आले आणि दारात उभेच राहिले. घरात त्याची बायको एकटी होती. तिचा चेहरा उतरला.

"काय केलं वो त्यांनी?"

"काही नाही, मावशी. चूक आमची आहे. त्यांचे पैसे परत द्यायला आलेय."

हे तिला पटायला थोडा वेळ लागला. मग तिने दारातल्या दोघांना घालवून दिलं, मला पाट दिला आणि नवऱ्याला बागेतून बोलावून आणलं. द्राक्षांची तोडणी चालू होती. तो हात पुसत आला. मी सगळं सांगितलं, पैसे पुढे केले आणि पावती मागितली.

"पैसे ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "पावती नाय देणार."

मला वाटलं, चिडलाय. पण तसं नव्हतं. त्याच्या रेशनकार्डावर कुणीतरी वडिलांच्या जागी आजोबांचं नाव लिहिलं होतं. त्यावरून लायसन झालं आणि सातबाऱ्यावर वारसनोंद करायची वेळ आली तेव्हा सगळं अडलं. तलाठी म्हणे, बरोबर नावाचा सरकारी कागद आण. वर्ष झालं, तो तसा कागद शोधत होता.

"तुमच्या पावतीवर शिक्का हाय, साहेबाची सही हाय, बापाचं नाव हाय. सोमवारी तलाठ्याला दाखवणार व्हतो."

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "काका, तुम्ही सांगितलं ते मी लिहिलं. ती पावती ते धरणार नाहीत. शाळेत गेला होतात का?"

"चौथीपतुर. इथंच."

"मग शाळेचा दाखला काढला का?"

वर्षभरात हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

शाळा जवळच होती. खाकी बघून हेडमास्तर उठून उभेच राहिले. त्यांनी स्वतः कपाटावरचं जुनं रजिस्टर काढलं, धूळ झटकली आणि पानं उलटली. नाव सापडलं. मधे वडिलांचंच नाव होतं, शाईने, स्वच्छ. त्याने त्या ओळीवर बोट ठेवून नाव मोठ्याने वाचलं. हेडमास्तरांनी तिथेच दाखला लिहून दिला.

दाखला हातात आल्यावर त्याने खिशातली पिशवी काढली आणि पावती माझ्याकडे दिली. मी पैसे दिले, पोच लिहून घेतली. परत घरी नेऊन त्यांनी मला जेवायला वाढलं. बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी आणि ताटाशेजारी बागेतला एक घड. निघताना मावशीने द्राक्षांची पेटी पुढे केली.

"एवढं घेऊन जाता येत नाही मला," मी म्हटलं.

"मग एक घड आजून खावा बसून," ती म्हणाली. तो मी खाल्ला. आणि उशिराच्या एसटीने नाशिकला आले.

शनिवारी हवालदारांनी तिन्ही मूळ प्रती पुस्तकात जागच्या जागी चिकटवल्या, प्रत्येकीवर तांबड्या शाईने दोन तिरप्या रेघा ओढल्या, मधे 'रद्द' लिहिलं आणि साहेबांची सही घेतली. सोमवारी आम्ही पुन्हा त्याच गल्लीत उभे होतो. पहिला दिवस म्हणून साहेबांनी पावती लिहू दिली नाही. उलट्या दिशेने येणाऱ्याला नुसतं समजावून परत पाठवायचं. संध्याकाळपर्यंत माझा घसा बसला होता, पण कुणाशी एकदाही भांडण झालं नव्हतं.