नेटखाली बसणारे हुसेनचाचा

एप्रिलच्या भर दुपारी टेमघरच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर एक म्हातारा माणूस झाडांवर सावलीसाठी घालतात ती हिरवी नेट डोक्यावरून पांघरून बसला होता. चक्कर आली असेल म्हणून मी पाणी घेऊन धावले. ते पाणी प्यायले, पण नेट काही काढली नाही. म्हणाले, "अजून दहा मिनिटं, मॅडम. पुदिन्यावर टाकायच्या आधी बघतो, मला सोसते का."

हे खालच्या मजल्यावरचे हुसेनचाचा. लूमच्या कारखान्यात कापड तपासण्यात त्यांचा जन्म गेला. ते निवृत्त झाले, नजर झाली नाही. माझ्या ओढणीला त्यांनी जिन्यातूनच नापास केलं होतं.

मी त्यांना माझा अनंत दाखवला. आई गेल्यावर तिच्या अंगणातून ड्रममध्ये आणलेलं ते एकच झाड. उन्हाने पानं करपतात म्हणून मी जाड प्लास्टिकचं महागडं कव्हर मागवलं होतं, तर ती आणखीच काळी पडायला लागली. चाचांनी कव्हराची चेन उघडून आत डोकं घातलं. बाहेर आले तेव्हा चष्म्यावर वाफ धरली होती.

"हे टिकेल, मॅडम," ते म्हणाले. "आतलं नाय टिकणार."

मला रडूच आलं. चाचा गडबडले. "रडता कशाला? अंबाडीला जाऊ. शेतकरी घेतो तिथून घ्यायचं."

अंबाडी नाक्यावरच्या दुकानात त्यांनी तीन नेट नाकारल्या. नखाने धागा सरकवून बघायचे, मग किनार ताणायचे. "मधे काय बघायचं? माल किनारीतून फाटत जातो."

दुकानदार वैतागला. "चाचा, सोयरीक जुळवताय का नेट घेताय?"

"सोयरिकीला एवढं बघितलं असतं तर आमची बेगम आली नसती," चाचा शांतपणे म्हणाले आणि चौथी नेट डोक्यावर घेऊन बाहेर उन्हात पायरीवर बसले. लोक बघायला लागले. मी ओळख नसल्यासारखी उसाच्या रसाच्या गाडीपाशी जाऊन उभी राहिले. त्याची मला अजून लाज वाटते.

घरी आल्यावर त्यांनी किनार दुहेरी दुमडून हाताने शिवली. नेट पानांना टेकू नये म्हणून चार बांबू रोवले. पावसाळा संपता संपता अनंत फुटला, पुढच्या वर्षी फुलला. पहिलं फूल मी त्यांना द्यायला गेले तर म्हणाले, "हे आईच्या फोटोला. माझं दुसरं." दुसरं त्यांनी दिवसभर खिशात ठेवलं होतं. आईचं झाड आज माझ्याकडे आहे, ते या माणसामुळे.

चाचांना जाऊन दोन वर्षं झाली. नेट यंदा फाटली, तीही मधोमध. त्यांच्या किनारीचा एक टाका उसवलेला नाही.

मागच्या रविवारी मी अंबाडीला गेले. किनार ताणून एक नेट निवडली, डोक्यावर घेतली आणि त्याच पायरीवर उन्हात बसले. दुकानदार तोच होता. तो आत जाऊन पाण्याचा ग्लास घेऊन आला.

"किती वेळ, मॅडम?"

"अजून दहा मिनिटं," मी म्हटलं.