काळ्या खडकातले निळे खडे

बाळारामदादांनी मला खाणीवर चिकटवलं, पडवीत झोपायला जागा दिली. त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, माझ्यासाठी रोज दोन भाकऱ्या जास्त थापल्या. हे आधी सांगतो, कारण पुढचं मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही.

मी सोलापूरकडचा, चौथीत शाळा सोडलेला. पनवेलजवळच्या त्या खाणीत माझं नावच ‘घाटी’. “ए घाट्या, दगड खाऊन बघ, मऊ हाय!” मी हसायचो. आतून जळायचो. आणि खरं सांगू? सगळ्यात जास्त राग मला दादांचाच यायचा — उपकार त्यांचे होते ना! माणूस इतका नासका असतो? मी होतो.

एकदा कॉलेजातले एक सर खडक पाहायला आले. काळ्या कातळात मुठीएवढा पांढुरका तुकडा अडकलेला, त्यात बारीक निळे खडे. सर म्हणाले, खालून उसळलेल्या तप्त रसानं हा जुना खडक ओढून आणला, भाजून काढला. म्हणून त्यात ही दुर्मिळ खनिजं तयार झाली. पण भोवतालच्या काळ्या दगडासकट हवा. सुटा केला तर काही कामाचा नाही. आठ दिवसांनी माणसं घेऊन येतो, म्हणाले. तोवर तो सांभाळायचं काम दादांवर सोपवलं.

मी मात्र ठरवूनच टाकलं — हे नीलम.

दुपारी सगळे जेवायला पांगले तेव्हा मी छिन्नी लावली. निम्म्या खड्यांचा चुरा झाला. उरलेले बाजारातल्या सोनारानं बघितले न बघितले, माझ्या अंगावर फेकले. मी ते गाढी नदीत टाकले.

सर आले. कातळात ताजी खाच तेवढी होती. मुकादम दादांवर तुटून पडला, “सांभाळायला दिलं, तर विकून खाल्लंस?”

दादांनी माझ्याकडे पाहिलं. “तू नाय ना रं?”

“तुमचं अन्न खातो मी, दादा.”

असं म्हणालो मी — अन्नाचं नाव घेऊन! कुणीतरी ओरडलं, घाट्यालाच धरा. दादा मध्ये पडले. “तो आमच्या घरचा हाय. त्याचं नाव काढू नका.”

दादांना त्याच दिवशी काढलं. त्यांच्या वरच्या जागेवर मला घेतलं, आणि मी गेलो. संध्याकाळी वहिनींनी नेहमीसारखं वाढलं. मी जेवलो.

दादा आता मिठागरात राबतात. गावात अजून त्यांना चोर म्हणतात. दादा, एक दिवस त्याच खाणीवर, मुकादमासमोर, सगळ्यांच्या देखत मी माझं नाव घेईन. एवढं तुमचं फेडीन.