विमलताई आणि वाळूमागचा मुलूख

लग्न होऊन मी सातपूरला आले त्या वर्षीच विमलताईंशी माझी ओळख झाली. आमच्या आणि त्यांच्या घरात एकच भिंत होती. इकडे कुकरची शिट्टी झाली की तिकडून त्या विचारायच्या, "शकू, आज डाळ का गं लवकर?" त्यांचे मालक कोंडाजी पगारे आणि आमचे हे एकाच कारखान्यात होते, पाळीही बहुतेक एकच. विमलताई घरी शिवणकाम करायच्या. वसाहतीतली निम्मी पोलकी त्यांच्या हातची. माप द्यायला आलेली बाई अर्धा तास तरी बसायची, आणि जाताना स्वतःचं माहेर, तिथली नदी, डोंगर, जत्रा, सगळं विमलताईंना सांगून जायची. त्यांना नुसतं ऐकायला आवडायचं. त्या देवळ्याकडच्या. कांद्याच्या वाफ्यात वाढलेल्या. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. मीही नव्हता.

दिवाळीत कारखाना आठवडाभर बंद असायचा. एकोणऐंशी साली पुंजाराम शिंदे यांनी टूम काढली की भाऊबीज झाली की सगळ्यांनी मिळून समुद्रावर जायचं. पुंजाराम म्हणजे वसाहतीतला पुढारी माणूस, बोलका, जरा हुकमी. त्यांनी एसटीची गाडी प्रासंगिक करारावर ठरवली आणि दापोलीच्या खाली, समुद्रकाठच्या एका गावात नारळी-सुपारीच्या वाडीतलं घरही ठरवलं. रिसॉर्ट हा शब्द तेव्हा आमच्यापैकी कोणी ऐकला नव्हता. लांबलचक पडवी, मागे विहीर, पुढे सुरूची झाडं आणि त्यांच्या पलीकडे समुद्र.

पहिला दिवस कसा गेला ते कळलंच नाही. नऊवारीतल्या, पाचवारीतल्या सगळ्या बाया लाटेत बसल्या होत्या. विमलताई मात्र घोट्याएवढ्याच पाण्यात उभ्या राहिल्या, बराच वेळ. मग म्हणाल्या, "एवढं पाणी, आणि पिता येत नाही."

दुसऱ्या दिवशी पुरुषांनी पडवीत पत्ते मांडले. आम्ही बाया चुलीपाशी. तिसऱ्या दिवशी विहिरीचं पाणी कोणी ओढायचं यावरून दोघींची जुंपली. समुद्र समोर होता, पण त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. त्या सकाळी नवसाबाई नावाची एक कोळीण पाटी घेऊन मासे विकायला आली. विमलताईंनी तिला विचारलं, "हे मासे येतात कुठून?"

"हर्णैच्या बंदरातून. लिलाव असतो तिथं. येता काय?"

विमलताईंनी पदर खोचला आणि माझ्याकडे पाहिलं. मी चुलीवरचं पातेलं उतरवून ठेवलं. आम्ही दोघी नवसाबाईच्या मागे चालत निघालो. बंदरावर होड्या पार लांब उभ्या होत्या. माल उतरवायला बैलगाड्या थेट पाण्यात शिरत होत्या, बैलांच्या पोटाला लाटा लागत होत्या. वाळूवर माशांचे ढीग आणि त्यांच्याभोवती बायांचा गलका. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. विमलताई एकेका गोष्टीकडे बोट करून विचारत होत्या आणि नवसाबाई न कंटाळता सांगत होती. तिनंच बोलता बोलता सांगितलं की दापोलीच्या पलीकडे, पन्हाळेकाजी म्हणून गावाशी, नदीकाठच्या कातळात खोल्या कोरल्यात. आत मूर्ती आहेत. तिकडची एक बाई बाजारात तिच्या शेजारी बसायची, तिच्याकडून कळलेलं.

"कुणाच्या मूर्ती?" विमलताईंनी विचारलं.

"बसलेल्या हायत, डोळे मिटून. एवढंच ती सांगत होती."

विमलताई दर बुद्धपौर्णिमेला नाशिकजवळच्या त्रिरश्मीच्या लेण्यांवर, म्हणजे पांडवलेण्यांवर, जायच्या. डोळे मिटून बसलेली मूर्ती कोणाची, हे त्यांना आणखी सांगायची गरज नव्हती.

दुपार कलताना आम्ही परतलो तेव्हा कोंडाजी सुरूच्या झाडाखाली उभे होते. "कुठे होतात?"

"समुद्र बघायला गेलो होतो."

"समुद्र इथं समोर आहे."

"हा एवढाच नाहीये," विमलताई म्हणाल्या आणि आत जाऊन भाकरी थापायला बसल्या.

पुढचं सबंध वर्ष त्या पुढच्या दिवाळीची तयारी करत होत्या. पोलकं शिवायला येणाऱ्यांत एक मास्तरीणबाई चिपळूणकडच्या होत्या. त्यांच्याकडून त्यांनी खाडी म्हणजे काय, भरती-ओहोटी कशी बदलते, ओहोटीला होडी चिखलात कशी रुतते, सगळं समजून घेतलं. नाशिकच्या एसटी स्टँडवर गेल्या की कोकणातून आलेल्या गाडीच्या कंडक्टरला गाठायच्या. एकदा मी सोबत होते. तो बिचारा चहाचा कप हातात घेऊन उभा, आणि विमलताई विचारतायत, "पन्हाळेकाजीला गाडी कुठपर्यंत जाते? पुढे उतार आहे का? म्हातारं माणूस चालेल का?" शेवटी त्यानं विचारलं, "बाई, तुमचं तिकडे कोण असतं?" त्या म्हणाल्या, "अजून तरी कोणी नाही."

आणखी एक गोष्ट त्यांनी मनाशी पक्की केली होती. ज्या दिवशी बाहेर हिंडायचं त्या दिवशी चूल पेटवायची नाही. दशम्या, चटणी, गूळ-शेंगदाणे, जे आहे ते बांधून न्यायचं. "सहलीला जाऊन आपण भिंतीच बघतो, शकू. त्याही चुलीमागच्या."

दिवाळीच्या आधी मैदानात बैठक बसली. विमलताईंनी उभं राहून सांगितलं, एक दिवस वाळूवर, एक दिवस हर्णै आणि होडीनं पलीकडे आंजर्ल्याला, एक दिवस लेण्यांना. पुंजारामांनी सगळं ऐकून घेतलं.

"गाडी आपली एक. ड्रायव्हरलाही विश्रांती लागते," ते म्हणाले. "एक दिवस हिंडू. कुठं जायचं ते एकदाच सांगा."

पुंजारामांची आई लंकाबाई लिंबाखाली बसली होती. तिला आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती बघायचा होता, गेल्या वर्षापासून. "मला देवाला जायचंय," ती म्हणाली. "त्या डोंगरात काय हाय? भुतं अन् वटवाघळं."

कोणी हसलं. कोंडाजी खाली बघत राहिले. विमलताईंचा चेहरा मी बाजूनं बघत होते. वर्षभर ज्याच्यासाठी धडपडल्या ते त्यांनी एका वाक्यात सोडून दिलं. "आजींना गणपतीला नेऊ. लेणी कुठे जात नाहीत."

घरी आल्यावर मी त्यांना म्हटलं, "ताई, तुम्ही भांडायला हवं होतं." त्या मशिनमध्ये दोरा ओवत होत्या. "भांडून नेलेल्या माणसाला काय दिसणार गं?"

मुक्काम पुन्हा त्याच वाडीत होता. आंजर्ल्याचा दिवस त्यांनी असा आखला होता की कुठे खोळंबा झाला नाही. भरती चढत असतानाच आम्ही खाडीवर पोचलो. नवसाबाईनं आधीच होडीवाल्याला सांगून ठेवलं होतं. लंकाबाई होडीत बसताना घाबरली. विमलताईंनी तिला स्वतःच्या आणि माझ्या मधे बसवलं. मग कड्याची चढण. पुंजाराम पुढे गेले होते, सोबत्यांशी बोलत. म्हातारी दर थोड्या वेळानं थांबायची, आणि विमलताई तिच्यासोबत थांबायच्या. त्या थांबण्यात दोघींचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी जवळ गेले तेव्हा लंकाबाई स्वतःच्या मेलेल्या लेकीबद्दल सांगत होती. वर पोचल्यावर तिनं देवाला डोकं टेकलं. विमलताई बाहेर पायरीवर बसून होत्या, खाली पसरलेली खाडी बघत. लंकाबाई बाहेर आली, खोबऱ्याचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला आणि शेजारी बसली. खाडीत एक होडी हळूहळू वळत होती. दोघी तिच्याकडे बघत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरुष पत्त्यांना बसायच्या बेतात होते, तर लंकाबाई पडवीत नव्हती. ती गाडीत जाऊन बसली होती, पहिल्या बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन. पुंजाराम खिडकीशी गेले. "माय, खाली उतर. आज कुठं जायचं नाय."

"विमलच्या डोंगराला जायचंय."

"तूच म्हणाली होतीस, भुतं हायत."

"म्हणले होते. तिनं मला माझा देव दाखवला. आता तिचा बघू दे."

पुंजारामांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हर मिशीतल्या मिशीत हसला आणि दात घासायला गेला. तासाभरात गाडी निघाली. दशम्या कधी बांधल्या गेल्या ते मला आठवत नाही, पण बांधल्या गेल्या खऱ्या.

दापोली ओलांडली, मग लाल मातीचा रस्ता. दोन्ही बाजूंनी पाऊस नुकताच सरलेल्या रानाचा हिरवेपणा. एका वळणाला ड्रायव्हरनं गाडी थांबवली, पुढे नेणार नाही म्हणाला. खाली उतार होता. गवत कापणाऱ्या एका बाईनं विळ्यानं वाट दाखवली आणि मग काय वाटलं कोण जाणे, भारा तिथंच ठेवून आमच्या पुढे चालू लागली. खाली नदी होती. स्वच्छ, गुडघाभर. तिच्या काठानं काळा कातळ आणि त्यात ओळीनं दारं.

आत अंधार होता, माती भरलेली होती, आणि वटवाघळं होती, लंकाबाई म्हणाली होती तशी. पण एका दाराशी विमलताई थबकल्या. आत मूर्ती होती, मांडी घातलेली, एक हात जमिनीला टेकलेला. चेहरा झिजला होता. विमलताईंनी चपला काढल्या. पिशवीतून मेणबत्ती काढून लावली. कोंडाजी कधी मागून आले ते कळलं नाही. त्यांनी टोपी काढली. दोघांनी हात जोडून त्रिसरण म्हटलं. कातळात आवाज घुमत होता, आणि मला पहिल्यांदाच कळलं की विमलताईंचा आवाज इतका गोड आहे. पुंजाराम दाराबाहेर उभे होते. त्यांनी बिडी पेटवली नव्हती. हातात तशीच होती.

थोडं पुढे गेल्यावर लंकाबाईची हाक आली. ती एका दुसऱ्या लेण्यात कातळावरच्या गणपतीसमोर उभी होती. "हा इथं बी हाय," ती म्हणाली, नवल वाटून. मग विमलताईंना म्हणाली, "तुझा अन् माझा शेजारी राहत्यात."

"आपल्यासारखे," विमलताई म्हणाल्या.

दुपारी आम्ही नदीत पाय सोडून दशम्या खाल्ल्या. गवतवाल्या बाईलाही बसवलं. चढण चढताना म्हातारीच्यानं होईना, तेव्हा पुंजारामांनी तिला पाठीवर घेतलं. वर आल्यावर ते धापा टाकत विमलताईंना म्हणाले, "पुढच्या साली कुठं?"

त्यानंतर सहल ठरवण्याचं काम कोणी त्यांच्याकडून काढून घेतलं नाही. वेळणेश्वर झालं, विजयदुर्ग झाला. प्रत्येक ठिकाणी मुक्काम वाळूवर आणि मन वाळूच्या मागच्या मुलखात. कुठे मिठागर, कुठे काजूचा कारखाना, कुठे खाडीत गेलेली पडकी वखार. बाया आता पाण्यापेक्षा पुढच्या वळणाची वाट बघायच्या. सहा-सात दिवाळ्या अशा गेल्या. आजही कुणाच्या लग्नात आम्ही जुन्या बाया भेटलो तर आधी त्याच दिवाळ्यांची गोष्ट निघते, आणि प्रत्येकीची आठवण जराशी वेगळी असते. कोणी म्हणतं त्या दिवशी ऊन होतं, कोणी म्हणतं ढग होते.

शहाऐंशीच्या थंडीत लंकाबाई गेली. पुढच्याच वर्षी कारखान्यात संप झाला, लांबला, आणि मग कारखाना उघडलाच नाही. आम्ही सिडकोकडे राहायला गेलो. पुंजाराम गावी गेले. कोंडाजींनी देवळ्याला, विमलताईंच्या माहेराजवळ, वाट्यानं शेती धरली. भिंतीपलीकडून हाक यायची थांबली, याची सवय व्हायला मला फार दिवस लागले.

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर निरोप आला की विमलताई नाशिकवरून जाणार आहेत, स्टँडवर ये. मी गेले. एसटीची लाल गाडी उभी होती आणि तीत देवळ्याच्या बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. मातीनं रापलेले हात, डोक्यावरून पदर. एकीनंही समुद्र पाहिला नव्हता. विमलताई गाडीभोवती फिरत होत्या, कोणाला मळमळतं, कोणाला खिडकी हवी, बघत. केस पांढरे झाले होते. मला मिठी मारली आणि लगेच म्हणाल्या, "भरती सकाळची आहे, शकू. खाडी आधी उरकते."

खिडकीशी त्यांची आई साळूबाई बसली होती, ऐंशीच्या घरातली, सुरकुतलेली. तिला या सगळ्याचा पत्ता नव्हता. तिनं लेकीला विचारलं, "तठे काय शे वं?"

विमलताईंनी खिडकीतून आत हात घालून तिचा पदर नीट केला. "पानी शे, माय. गंज पानी शे. अन् त्याना मांगे डोंगर शे." गंज म्हणजे पुष्कळ, एवढं अहिराणी मला विमलताईंमुळे कळायचं.

म्हातारीनं जरा विचार केला. मग शेजारणीला सरकायला सांगून ती खिडकीला टेकून बसली. ड्रायव्हर आला. विमलताई शेवटी चढल्या, दारातच उभ्या राहिल्या. गाडी द्वारका चौकाकडे वळेपर्यंत मी तिथंच होते. मग घरी आले आणि भात टाकला.