चार देशांना सहा-सहा टॉवेल

सिद्धारामला मी भित्रा म्हणायचो. पण तोंडावर म्हणायचो, पाठीमागं नाही, एवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवा.

मी महिपती, मूळचा मोहोळचा. अक्कलकोट रोडला चनबसप्पा मालकांचा टॉवेलचा कारखाना होता, तिथं पॅकिंग खात्याचा मुकादम होतो. सिद्धाराम त्याच कारखान्यात इंग्रजी पत्रांचा कारकून. आमचे टर्किश टॉवेल परदेशी जायचे आणि त्यातले निम्मे युरोपच्या वरच्या अंगाला जे चार थंड देश आहेत तिकडं: स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे, फिनलंड. आम्हाला सोलापुरात मे महिन्यात अंग पुसायला टॉवेल लागत नाही, दारात उभं राहिलं की वाळतं. त्यांना बहुतेक बारा महिने लागत असावा. मालकांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पत्र आलं की मालक स्वतःच्या हातानं पाकीट फोडायचे, कागद उलटासुलटा करून बघायचे आणि सिद्धारामपुढं टाकायचे. त्यानं वाचून मराठीत सांगायचं, मालकांनी तोंडी उत्तर द्यायचं, ते त्यानं इंग्रजीत टाईप करून सहीला ठेवायचं. नऊ वर्षं हा कारभार असाच चालला होता.

आता मालकांचं तोंड. माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. कामगाराच्या घरी मयत झालं तर स्वतः खांदा द्यायचे. पण तोंड उघडलं की शिवी, आणि तीही मराठी, कानडी, तेलुगू अशा तिन्ही भाषांत, म्हणजे कुठल्याच कामगाराची गैरसोय व्हायला नको. आम्हा पॅकिंगवाल्यांपर्यंत पोचेपर्यंत त्यातली निम्मी मागांच्या खडखडाटात विरून जायची. सिद्धारामचं टेबल मात्र मालकांच्या टेबलाला चिकटून होतं. त्याला 'गाढवा' म्हणजे सकाळचा नमस्कार होता. त्यावर तो 'चुकलं, मालक' म्हणायचा. काय चुकलं हे नंतर ठरायचं.

आणि हाच माणूस त्या शिव्यांचं इंग्रजी करायचा. एकदा स्वीडनवाल्यांनी कळवलं की टॉवेलचा निळा रंग जातो. मालक म्हणाले, "लिही त्या टकल्याला, टॉवेल अंग पुसायला दिलाय, शिजवायला न्हाय. अक्कल गहाण टाकली का म्हणावं." स्वीडनवाला टकला आहे हे मालकांना कुठून कळलं देव जाणे. सिद्धारामनं टाईप केलं: आपणांस झालेल्या त्रासाबद्दल आम्ही अंतःकरणापासून दिलगीर आहोत, आपल्यासारख्या जाणत्या गिऱ्हाइकानं चूक दाखवून दिली हे आमचं भाग्य. चहाच्या सुट्टीत तो मला कार्बन कॉपी मराठीत वाचून दाखवायचा. हसून हसून माझा चहा बशीतून सांडायचा.

आणीबाणीच्या आदल्या वर्षाची गोष्ट. एक दिवस सिद्धारामनं चहा घेतलाच नाही. मी विचारलं, काय झालं. आधी इकडंतिकडं बघून घेतलं. मग म्हणाला, "काल पोरीच्या हातनं दूध सांडलं. मी तिला मालकांची शिवी दिली. ती कानडी. तोंडातनं आपोआप आली."

"मग? रडली का पोरगी?"

"रडली असती तर बरं झालं असतं. मान खाली घालून उभी राहिली. मालकांपुढं मी राहतो तशी."

पोरगी सहा वर्षांची. सिद्धाराम म्हणाला की आणखी दोन-चार वर्षं इथं काढली तर घरातही एक चनबसप्पा तयार होईल, आणि तो मी असेन. त्याच्या आधी निघायचं. मी म्हणालो, सोलापुरात दुसरे मालक काय कमी आहेत. तो म्हणाला, "बघितलेत की सगळे. शिव्या त्याच, भाषा एखादी कमी."

म्हणून परदेश. लोक परदेशी पगारासाठी जातात, हा पठ्ठ्या धड बोलणं ऐकायला निघाला होता. आणि त्याचं परदेश म्हणजे हे चार देश, कारण बाकीच्या जगानं त्याला कधी पत्र लिहिलेलं नव्हतं. आता चारातला कुठला? दुसरा कुणी असता तर थंडी किती, पगार किती, बिनमांसाचं जेवण मिळतं का, हे विचारलं असतं. सिद्धारामचा एकच प्रश्न होता: चूक झाली की तिथला माणूस कसा बोलतो? जुन्या तक्रारी त्याच्या फायलीत होत्या, पण प्रत्येकीची चूक वेगळी. कुणाचा रंग गेलेला, कुणाचा माल उशिरा पोचलेला. त्याचं म्हणणं, अशी तुलना बरोबर नाही. चौघांना एकसारखी चूक पाठवली पाहिजे.

तुम्हाला सांगतो, मी आयुष्यात लई मूर्ख माणसं बघितली, पण इतका पद्धतशीर मूर्ख दुसरा बघितला नाही. आणि मी त्याला सामील झालो, हे त्याहून भारी.

शिलाई खात्यात इमामबी होती, टॉवेलच्या काठांना टीप मारायची. तिला सांगितलं, चोवीस टॉवेलांचा एक-एक काठ मोकळा सोड. ती म्हणाली, बारा वर्षांत चुकून चूक केली नाही, आता मुद्दाम करायची म्हणजे हात वळत नाही. तरी तिनं केलं. ते टॉवेल मी सहा-सहा करून चार देशांच्या गासड्यांत घातले. बरोबर मधोमध, सापडतील असे. मग आम्ही दोन महिने वाट बघत बसलो.

पहिलं पत्र फिनलंडचं. एकच ओळ: सहा टॉवेल खराब, बाकीचे चांगले. मला हा देश फार आवडला. असा माणूस मुकादम पाहिजे. सिद्धारामचा चेहरा मात्र उतरला. म्हणाला, सुरुवातीला 'प्रिय महोदय' सुद्धा नाही, एवढ्या गप्प माणसांत जीव घुसमटेल.

डेन्मार्कनं थट्टा केली. तुमचे सहा टॉवेल आमच्याकडे यायला इतके उतावीळ झाले की कपडे नीट न घालताच निघाले, असं काहीतरी. सिद्धारामनं ते पत्र चार वेळा वाचलं. साहेब रागावलेत की हसतायत हे त्याला ठरवता येईना. "रोज हेच ओळखत बसायचं असलं तर इथं काय वाईट हाय?" म्हणाला. डेन्मार्क बाद.

स्वीडनचं पत्र तीन पानांचं, सोबत छापील फॉर्म. टॉवेल कुठल्या पाळीत शिवले, शिलाई खात्यात उजेड किती, बायकांना बसायला पाठीची खुर्ची आहे का, सगळं भरून पाठवा. आमची समिती विचार करील. सिद्धाराम हरखला. मग त्याच्या ध्यानात आलं की तिथं साधं रागवायचं म्हटलं तरी समिती बसणार, आणि निकाल लागेपर्यंत गुन्हेगारानं टांगून राहायचं. त्यापेक्षा मालक बरे, जागच्या जागी मोकळं करतात.

शेवटी नॉर्वे. ओस्लोचे हॅन्सन साहेब. त्यांनी लिहिलं होतं: सहा टॉवेलांचा काठ मोकळा निघाला, तो आमच्याकडच्या एका बाईंनी घरी नेऊन शिवला, तेव्हा आपण काळजी करू नये, फक्त एवढं कळवा की तुमच्याकडची शिवणारी बाई आजारी तर नाही ना?

सिद्धारामनं मला हे मराठीत सांगितलं आणि पॅकिंगच्या टेबलावर डोकं टेकून रडला. मी इमामबीला जाऊन विचारलं, तब्येत कशी आहे. ती म्हणाली, बारा वर्षांत आजच बरं विचारताय.

मध्यंतरी या चारही पत्रांपायी मालकांनी सिद्धारामला चार वेळा उभा-आडवा सोलला होता, ते वेगळंच. पण देश ठरला. त्यानं बायकोला, नागम्माला सांगितलं. तिनं विचारलं, तिकडं ज्वारी मिळते का. नाही मिळत म्हणाला. मग काय मिळतं? तो म्हणाला, तिथं कुणी ओरडत नाही. नागम्मानं पोरीकडं बघितलं आणि म्हणाली, "मग जाऊ की."

त्यानं घरचा पत्ता घालून, साध्या कागदावर हॅन्सन साहेबांना नोकरीसाठी पत्र लिहिलं. रोज घरी गेला की पोस्टमन आला होता का विचारायचा. उत्तर आलं, पण घरी नाही. कारखान्यात आलं, मालकांच्या नावानं.

मी त्या दिवशी गासड्यांची यादी घेऊन कचेरीत उभा होतो. मालकांनी पाकीट फोडलं, कागद उलटासुलटा केला आणि सिद्धारामपुढं टाकला. "वाच, गाढवा." सिद्धाराम आधी मनात वाचू लागला, आणि त्याच्या तोंडावरचं रक्त गेलेलं मला दिसलं. वाटलं, आता हा काहीतरी टॉवेलचं सांगून वेळ मारून नेईल. पण त्यानं सगळं वाचलं, जसंच्या तसं.

तुमचे सिद्धाराम यांनी आमच्याकडे काम मागितलं आहे. आमच्या गोदामाच्या कचेरीत जागा आहे आणि त्यांना घ्यायची आमची इच्छा आहे. परंतु मालकाच्या पाठीमागं त्याचा माणूस नेणं आम्हाला बरं वाटत नाही. नऊ वर्षांच्या पत्रव्यवहारातून आपला सभ्यपणा आम्ही ओळखतो, म्हणून आपल्यालाच विचारतो: माणूस कसा आहे, आणि तो आला तर आपली काही हरकत आहे का?

मला वाटलं, आज याची नोकरी गेली. मालकांना गप्प मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. त्यांना राग आला होता, पण त्याहून जास्त ते घाबरले होते; हा गेला तर पत्रं कोण वाचणार?

मग म्हणाले, "लिही. हा एक नंबरचा नालायक हाय म्हणावं. नऊ वर्षं माझ्या डोक्यावर बसून खातोय. बिनडोक हाय, भित्रा हाय, आणि आता हरामखोर बी निघाला. असलं गाढव तुमच्या देशात नेऊ नका म्हणावं. मी सोडणार न्हाय. लिही."

सिद्धाराम टाईपरायटरपाशी गेला. मीही यादीचं निमित्त काढून त्याच्याजवळ गेलो आणि हळूच म्हणालो, "सिद्धाराम, आता तरी डोकं चालव. मालकांना इंग्रजी येत न्हाय. लिही की, सोन्यासारखा माणूस हाय, आमची हरकत न्हाय, खुशाल न्या. खाली सही मालकच करणार हायत."

तो म्हणाला, "मालकांची सही असती, महिपती. ते म्हणाले न्हाईत ते मी कसं लिहू?"

मी कपाळाला हात लावला. दुसऱ्यांना दिलेल्या शिव्या गोड करणारा हा, स्वतःला दिलेल्या मात्र जशाच्या तशा टाईप करणार, आणि कायमचा इथं सडणार. मला त्याचा इतका राग आला की आठ दिवस मी त्याच्याबरोबर चहा घेतला नाही.

महिन्यानं ओस्लोचं उत्तर आलं. मालकांनी मलाही मुद्दाम बोलावून घेतलं. सिद्धारामची फजिती बघायला साक्षीदार पाहिजे होता. "वाच."

सिद्धाराम वाचू लागला. "हॅन्सन साहेब लिहितात, आपलं पत्र वाचून आम्ही सगळे हेलावून गेलो. इतक्या मायेच्या माणसांतून त्याला तोडण्याचं पाप आम्ही करणार नाही. ती जागा आम्ही दुसऱ्याला दिली. सिद्धाराम यांना असा मालक मिळाला याबद्दल त्यांचं अभिनंदन करावं."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं. "कसली माया? मी तर याला नालायक म्हणालो हुतो. काय लिहिलंस रे तू?"

सिद्धारामनं फाईल काढली आणि कार्बन कॉपी मराठीत वाचून दाखवली. "सिद्धाराम हे नऊ वर्षं आमच्या घरातल्या माणसासारखे आहेत. ते अत्यंत विनम्र आहेत. त्यांच्यावाचून आमचं चालणार नाही, आणि त्यांना निरोप देण्याचं बळ आमच्यात नाही. तरी आपण आमच्यावर कृपा करून त्यांना आमच्यापाशीच राहू द्यावं."

"हे मी म्हणालो?"

"हे भाषांतर हाय, मालक."

"आणि आधीची पत्रं?"

"नऊ वर्षं असंच करतोय. चुकलं, मालक."

नॉर्वेची नोकरी या माणसानं स्वतःच्या हातानं, शुद्ध इंग्रजीत, स्पेलिंगची एक चूक न करता घालवली होती. मला त्याला धरून हलवावंसं वाटलं. मालक आता उसळणार म्हणून मी दाराकडं सरकलो. पण मालक उसळले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला.

"परत वाच," ते म्हणाले.

सिद्धारामनं परत वाचलं. मालक डोळे मिटून, मान हलवत ऐकत होते.

"लई चांगला माणूस हाय की रे मी," मालक म्हणाले.

"व्हय, मालक," सिद्धाराम म्हणाला आणि त्यानं टाईपरायटरला नवा कागद लावला.